एकवीस अंड्यांची हजेरी

४ फेब्रुवारी १९६१, शनिवार

नव्या घरात आज पहिली चूल पेटली. चहा धुरकट झाला, पण आपल्या हाताचा. पांढरकवड्याला एस. टी.तून उतरलो, नेमसिंग नाईकांनी धाडलेल्या बैलगाडीत ट्रंक, वळकटी आणि ती लाकडी पेटी ठेवली, आणि केळापूर मागे टाकून तांड्यावर आलो. वाटेत पळस फुललेला. चौसष्टाव्या वर्षी माणसानं असं हरखून जाऊ नये, पण गेलो.

यवतमाळला पद्मजाकडे काही कमी नव्हतं. मुलगी प्रेमळ आहे, जावईही सज्जन. पण दिवसभर आरामखुर्ची इकडची तिकडे सरकवत कुणाच्या पायात यायचं, हे किती दिवस? शिवाय माझी पहिली शाळा इथून तीन कोसांवर होती. त्या वेळची हवा अजून नाकात आहे: ओला खडू, तरटाचा वास, आणि पोरांनी एका सुरात म्हटलेली कविता. ती मीच जुळवली होती.

टोच मार रे, दार उघड रे, बाहेर आली पहाट,
किती दिवस तू झोपशील आता, बघतो आम्ही वाट.

घर मजेशीर आहे. नाईकांनी धान्य साठवायला बांधलेलं, एकच खोली. उंदरांना चढता येऊ नये म्हणून गवंड्यानं कोपरेच ठेवले नाहीत, सगळीकडे गोलाई, आणि आतबाहेर पांढराशुभ्र चुना. खिडकी नाही. पश्चिमेच्या भिंतीत वाटीएवढं भोक आहे, त्यातून पाचच्या सुमारास उन्हाची गोल टिकली समोरच्या भिंतीवर पडते. आज ती बघत बसलो आणि चहा दुसऱ्यांदा उकळला.

पेटी म्हणजे अंडी उबवायची पेटी. वामन, माझा जुना स्नेही, ढोरांच्या दवाखान्यातून निवृत्त झाला तेव्हा त्यानं ती मला दिली. एका बाजूला राकेलचा दिवा, त्याची ऊब पत्र्याच्या नळीतून आत, झाकणाला काच. अंडं तोंडात न घालणारा मी, पण पिल्लू बाहेर येताना एकदा बघायचं आहे. म्हाताऱ्याचा हट्ट म्हणा.

७ फेब्रुवारी, मंगळवार

तांड्यावर वाईट दिवस आहेत. कोंबड्यांवर मानमोडी आली आहे. मान वाकडी होते, पाखरू गोल गोल फिरतं आणि संपतं. कितीतरी वर्षांनी तो शब्द कानावर आला. माणसांच्या एका तापालाही आम्ही तेच म्हणायचो. असो.

शेजारच्या मानीबाईच्या अठरा कोंबड्या गेल्या. विधवा बाई, मुलगा झरीकडे जंगलकामावर, घरात सून आणि नात. कोंबड्यांवरच तिचं मीठमिरची चाले. आता एक खुडूक कोंबडी उरली आहे आणि घराघरांतून गोळा केलेली एकवीस अंडी. तांड्याचं सगळं बियाणं तेवढंच. ती तेरा अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवणार होती, बाकीची तशीच.

मी तिला समजावलं, की आजार कोंबडीतच असतो, आज उभी आहे ती उद्या पडली तर अंडी थंड होतील. पेटीला आजार होत नाही. तिनं पेटीवर हात फिरवून पाहिला. मग म्हणाली, "गुरुजी, लाकडाले माया असते का जी?" मी म्हटलं, माया मी करीन. त्यावर नाईक हसून म्हणाले, "ऐका हो! गुरुजीच खुडूक बसून राह्यले!" सगळा तांडा हसला. मीही.

शेवटी तिनं अंडी पदरातून आणून दिली. एकेक माझ्या हातावर ठेवताना इतकंच म्हणाली, की हे गेलं तर मग काही नाही. मी शब्द दिला.

१० फेब्रुवारी, शुक्रवार

आज दुपारी अंडी पेटीत ठेवली. एकविसावा दिवस म्हणजे तीन मार्च, होळीचा दुसरा दिवस. छान योग.

अंडी दिवसातून तीनदा उलटवायची असतात, नाहीतर जीव कवचाला चिकटतो. कुठलं उलटवलं हे कळावं म्हणून दोन बाजूंना पेन्सिलीनं खूण करायची. वामननं फुली आणि गोळा सांगितला होता. मास्तराच्या हाताला ते रुचेना. माझ्या पहिल्या वर्गात बरोबर एकवीस मुलं होती. म्हणून एका बाजूला एकेकाचं नाव घातलं आणि दुसऱ्या बाजूला ह, म्हणजे हजर. लखीराम, फकिरा, उकंडा, रूपसिंग, बाबूसिंग... त्रेचाळीस वर्षं झाली, पण हजेरीपटाचा क्रम एकदाही अडखळला नाही. नाव पुकारायचं, अंडं फिरवायचं, ह वर. पुढच्या खेपेला परत नाव वर. हजेरी संपली की कविता.

इतका आनंद पेन्शन सुरू झाल्यापासून झाला नव्हता.

१३ फेब्रुवारी, सोमवार

या पेटीनं माझा अंत पाहिला. वात मोठी केली की काजळी, लहान केली की ऊब उतरते. एकशेतीन अंश हवेत तर पारा कधी अठ्ठ्याण्णव, कधी एकशेसात. थर्मामीटर खरं बोलतो की नाही हेही कळत नाही. काखेत लावून पाहिला, तर मला ताप दाखवला! ओलाव्यासाठी आत ठेवलेल्या पाण्याच्या थाळीत मुंग्या पडतात. वामनला पत्र टाकलं, उत्तर नाही. ग्रामसेवक दोनदा येतो म्हणाला, आला नाही.

त्यात ती खुडूक कोंबडी. मेली नाही ती नाहीच, वर माझ्या दाराशी येऊन बसली आहे. अंगाचा गोळा करून कट्कट् कट्कट् दिवसभर. हाकलली तर घराला फेरी मारून परत हजर. मानीबाई म्हणते, ती आपली अंडी मागून राह्यली. तिच्या आवाजात दोष नव्हता, तरी मला टोचलं.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

सातव्या दिवशी अंडी उजेडाशी धरून बघायची असतात. पुठ्ठ्याला भोक पाडलं, मागे कंदील ठेवला, दार लोटून घेतलं. अंड्याच्या आत लाल पहाट झाल्यासारखं दिसतं. बारीक शिरा, मध्ये काळा ठिपका, तो थरथरतो. डोळ्यांत पाणी आलं.

चार अंड्यांत काहीच नव्हतं. कोरी पाटी. ती काढून परसात फेकली. रूपसिंग, बाबूसिंग आणि पुढचे दोन. सतरा उरले.

एक गोष्ट मनाला लागून राहिली. सातव्या दिवशी मान अशी दिसू नये, पण मला दिसली. सतराही अंड्यांत ती एकाच बाजूला मोडल्यासारखी. दिव्याचा दोष असेल. या दिव्याचे काय थोडे दोष आहेत!

१९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी पेटी उघडली तर अंडी आधीच फिरवलेली. ह वर. दुपारीही तेच. मी भडकलो. मानीबाईला जाऊन विचारलं, की माझ्या मागे कोण हात लावतं? ती म्हणाली, "काहून लावू जी? तुमच्या दाराले तर कुलूपच रायते." तिची नात खुदकन हसली. मी उगाच रागावून परत आलो. एवढी मेहनत करायची आणि कुणीतरी येऊन घोळ घालायचा!

संध्याकाळी पेटीला दोरी बांधून गाठीवर लाख लावली.

२० फेब्रुवारी, सोमवार

लाख जशीच्या तशी. अंडी फिरवलेली.

२२ फेब्रुवारी, बुधवार

आज बारावा दिवस. सकाळच्या हजेरीला मी लखीराम म्हटलं आणि आतून टक् झालं. फकिरा. टक्. सतरा नावं, सतरा टकटका, क्रमानं. बाराव्या दिवशी पिल्लाला चोचसुद्धा धड नसते.

मानीबाईला बोलावलं. तिला भीती वाटली नाही, उलट चेहरा उजळला. पेटीला कान लावून म्हणाली, "बोलून राह्यले जी! जिते हायेत!" मग काचेतून लिहिलेलं दिसलं, तसं विचारलं हे काय. मी सांगितलं, नावं. तिचा चेहराच बदलला. म्हणाली, "जन्माच्या आंदी नाव कायले टाकलं? आमच्या घरी नाही टाकत. नाव मोकळं असलं तर कोणीबी येऊन त्यात बसते."

कुणाची नावं, असं तिनं विचारलं. मी वाचायला लागलो आणि पहिल्याच नावाला ती थांबली. तिच्या भावाचं नाव लखीराम. भिया म्हणायची ती त्याला. मानमोडीच्या तापात गेला. अंग भट्टीसारखं तापलं होतं, याडी, म्हणजे त्यांची आई, नको नको म्हणत होती, तरी मास्तर त्याला खांद्यावर टाकून शाळेत घेऊन गेला. "साहेब येणार होता म्हणे," ती म्हणाली. मास्तरचं नाव तिला आठवत नाही. ती तेव्हा चार वर्षांची होती.

मी पेटीची वात सारखी करत राहिलो. वात सारखीच होती.

आज खुडूक कोंबडी दारातून आत आली, पेटीजवळ गेली, मान कलती करून ऐकलं आणि किंचाळत पळाली. परत आली नाही.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

लिहूनच टाकतो. रोजनिशीशी तरी खोटं कशाला?

१९१८ सालचा ऑक्टोबर. डिपोटी साहेब तपासणीला येणार होते आणि पट भरलेला दिसला तरच माझी नोकरी कायम होणार होती. घरोघरी ताप. मी एकवीस वर्षांचा. घरोघर गेलो, हात जोडले, दटावलं, उचलून आणलं. एकवीसपैकी एकवीस. तरटावर बसली होती माना टाकून. साहेबांनी विचारलं, मुलं अशी का बसली आहेत? मी म्हटलं, लाजतात. मग पोरांनी कविता म्हटली. साहेबांनी शेरा दिला: हजेरी उत्तम.

धडधाकट होती तीही त्या दिवशी तापलेल्यांच्या मांडीला मांडी लावून बसली होती. पंधरा दिवसांत सतरा गेली. चार राहिली. रूपसिंग, बाबूसिंग आणि पुढची दोन.

हो, तीच चार. परसात फेकलेली.

महिनाअखेरीचा पट वर पाठवायचा होता. मी रोज बसून सगळ्यांपुढे ह लिहिला. मग शाळा बंद झाली, माझी बदली झाली. त्या सतरांच्या नावापुढे गैरहजर कधी लागलंच नाही. कागदावर ती पोरं अजून वर्गात आहेत. मी त्यांना सोडलंच नाही.

२५ फेब्रुवारी, शनिवार

एक करून पाहिलं. उकंड्याच्या अंड्यावरचा ह रबरानं खोडला आणि तिथे गै लिहिलं. गैरहजर. टकटक तिथल्या तिथे बंद. हातात धरलेलं अंडं माठातल्या पाण्यासारखं गार झालं. उजेडाशी धरलं तर आत काही नाही, स्वच्छ. खोलीत कुणीतरी सुस्कारा सोडल्यासारखं वाटलं. मोकळं झाल्यासारखा.

म्हणजे उपाय आहे! सोळा वेळा गै लिहायचं. पाच मिनिटांचं काम.

पण मग मानीबाईच्या टोपलीत काय घालू?

२७ फेब्रुवारी, सोमवार

दुपारी पूर्वेकडे डोकं करून लवंडलो होतो. उठलो तो डोकं पश्चिमेला. संध्याकाळी परत पूर्वेला. आपण झोपेत लोळतो, हे मान्य. पण उजव्या तळव्यावर पेन्सिलीनं ह? अक्षर कच्चं, पहिलीतल्या पोराचं. घासलं. जात नाही.

वामनचं पत्र आज आलं. म्हणतो, अठराव्या दिवसापर्यंत उलटवावं, मग हात लावू नये. बहुमोल माहिती!

१ मार्च, बुधवार

पेन्सिल हातात घेऊन सकाळपासून बसलो. लखीरामपासून सुरुवात करायची असं ठरवलं. ह अर्धा खोडलाही.

तेवढ्यात मानीबाई आली. नवी टोपली विणून घेतली आहे, तळाशी राख, वर कापूस. घराघरांत वाटणी ठरली आहे, ज्याचं अंडं त्याला पिल्लू. तिच्या नातीनं दोन पिल्लं स्वतःसाठी मागून ठेवली आहेत. मला म्हणाली, "गुरुजी, तुमी नसते तर तांड्याचं बी बुडलं असतं." आणि वाकून पाया पडली.

तिच्या भावाला खांद्यावर नेणाऱ्या त्या पायांना.

ती गेल्यावर मी अर्धा खोडलेला ह परत गडद केला. सोळाच्या सोळा गडद केले. पट भरलेला दिसायला हवा— हेच वाक्य मी तेव्हाही म्हटलं होतं.

३ मार्च, शुक्रवार

फुटली. सकाळी नऊ ते अकरा, हजेरीच्या क्रमानं. नाव घेतलं की कवचाला भेग. सोळापैकी सोळा. पिवळी, ओली, टणक.

पिल्लं ओरडत नाहीत. पेटीत चार ओळी करून बसली. सगळ्यांच्या माना एकाच बाजूला. माझ्याकडे.

मला कळलं होतं. ती मान कशाची ते मला कळत होतं. सांगायला तोंडही उघडलं. पण तांडा होळीच्या रंगात, डफ वाजतो आहे, लेंगीची गाणी चालू आहेत, आणि मानीबाई टोपली घेऊन दारात रडते आहे, हसते आहे. तिनंच विचारलं, "माना काहून अशा जी?"

मी म्हटलं, लाजतात.

४ मार्च, शनिवार

डफ बंद.

नाईकांच्या घरी ताप. पलीकडच्या दोन घरांतही. ज्या ज्या घरी पिल्लू गेलं— मानीबाईची नात सकाळी अंगणात उभी होती, मान वाकडी करून. मी हाक मारली. नुसती बघत राहिली.

गेलो, सांगितलं, की टाका ती पिल्लं, पुरून टाका. सुनेनं दार लावून घेतलं. आतून मानीबाईचा आवाज, की गुरुजी, पोरगी सारखी एकच गाणं म्हणून राह्यली, तुमीच शिकवलं का?

मी तिला कधी काही शिकवलं नाही.

अंग तापलं आहे माझंही. थर्मामीटर— एकशेतीन. आज पहिल्यांदा पारा स्थिर.

५ मार्च, रविवार

सकाळी डोकं पूर्वेला. दुपारी पश्चिमेला. मी हललो नाही, जागा होतो— कुणीतरी—

पटावर गै लिहायला हवं. पट नाही. कवचं आणायला उठलो. पेटी रिकामी. एक कवच नाही.

दार सापडत नाही. चुना हातानं चाचपत आलो तीन वेळा. सगळीकडे गोल. फट नाही. कोपरा असता तर कळलं असतं कुठून सुरुवात—

घरानं कुशी बदलली. ट्रंक घरंगळली. मी पण.

पाच वाजले असतील. टिकली पडायला हवी होती. भोकाला बाहेरून काहीतरी लावलंय. पुठ्ठा?

उजेड. भोकातून नाही— भिंतीतूनच. चुना लाल झालाय. आरपार. शिरा दिसतात, बारीक, थरथरत्या—

कुणीतरी उचलून धरलंय. बघतंय आत काही आहे का.

बाहेर आवाज. पोरांचे. बघतो आम्ही वाट, बघतो आम्ही—

हजेरी सुरू झाली. लखीराम. हजर. फकिरा. हजर. क्रम चुकत नाही. मीच शिकवला.

मध्ये एक नवं नाव. मुलीचं. मानीबाईच्या— हजर म्हणाली—

नाही म्हणाली असती तर! पोरी, नाही म्हण—

गप्प बसलो तर कोरी पाटी. परसात. म्हटलं तर— म्हटलं तर त्यांच्यात—

माझं नाव घेतलं. नुसतं दीनानाथ. गुरुजी नाही. लखीरामच्या आवाजात.

थांबलेत. परत घेतलं.

गैर— हात लिहीत नाही ते. पेन्सिल आपोआप— मी ह